बिडे सीटची निगा: घरात नवी बसवली असेल तर

कमोडच्या सीटमधूनच पाण्याची धार येणारी बिडे सीट आता आपल्याकडच्या फ्लॅटांमध्येही दिसायला लागली आहे. बहुतेक घरांत ती कोणाच्या तरी गरजेपोटी येते. कोणाचं खांद्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणाचा हात मागे पोचत नाही, कोणाला मूळव्याधीचा त्रास असतो. अशा माणसाला कोणाच्या मदतीशिवाय स्वच्छ होता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यामुळे सीट बंद पडली की त्या माणसाची रोजची सकाळ अडते. निगा राखायची ती यासाठी.

आपल्याकडे या सीट झिजून क्वचितच जातात. त्या जातात पाण्यातल्या क्षारांनी, टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडने आणि संडास-बाथरूम धुताना ओतलेल्या बादल्यांनी. बिडे सीट घरोघरी नेली ती जपानने. टोटो कंपनीची वॉशलेट १९८० साली तिथे बाजारात आली. जपानमध्ये नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असतं आणि संडासाची खोली न्हाणीघरापासून वेगळी, कोरडी असते. आपल्याकडे पाणी टँकरचं, खाली फरशी ओली आणि शेजारी जेट स्प्रे. म्हणून सोबत आलेली पुस्तिका वाचाच, पण आपल्या घरासाठी तिच्यात थोडी भर घालावी लागते.

सीट दोन प्रकारच्या असतात. एक साधी, विजेशिवाय चालणारी: बाजूला खटका, पाण्याच्या दाबानेच नोझल, म्हणजे धार सोडणारी छोटी नळी, खाली येते. दुसरी विजेवरची: पाणी तापवणारी, सीट गरम ठेवणारी, काहींत वाळवायचा पंखाही. सफाईची पद्धत बरीचशी सारखीच आहे. फरक असेल तिथे सांगते.

पहिल्याच दिवशी बघून ठेवायच्या जागा

फिटिंगवाला घरात असतानाच त्याच्याकडून हे दाखवून घ्या. भिंतीतून येणारा अँगल कॉक कोणता, आणि तो खरंच पूर्ण बंद होतो का? जुन्या इमारतींत हे कॉक वर्षानुवर्षं फिरवलेले नसतात आणि ऐन वेळी अडकतात. अडकत असेल तर तेव्हाच बदलून घ्या. तिथून एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, निघतो. त्याचा एक पाईप फ्लश टँकला आणि दुसरा सीटला जातो. टी पितळेचा असलेला बरा, प्लास्टिकच्या टीला आटे धरत नाहीत.

सीटमध्ये पाणी शिरतं तिथे एक बारीक जाळी असते, ती कुठे आहे ते बघा. सीट कमोडवरून सरकवून काढायचं बटण कुठे आहे तेही बघा. ते बहुतेक एका बाजूला खाली असतं. सीट काढून परत बसवायला फिटिंगवाल्याला लावा आणि मग त्याच्यादेखत तुम्ही स्वतः एकदा करा. या एका सरावाने पुढची निम्मी धास्ती जाते.

सामान

एक जुना मऊ टूथब्रश, दोन मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडकी, भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण, किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड, आणि एक छोटी वाटी जी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. फडकी वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे ती कमोडच्या भांड्याला आणि फरशीला वापरली जात नाहीत.

घासायची हिरवी जाळी, तारेचा चोथा, खाण्याचा सोडा, थिनर, फिनाईल आणि ब्लीच सीटपासून लांब ठेवा. सीट प्लास्टिकची आहे. तिच्यावर ओरखडे पडले की मळ त्याच ओरखड्यांत बसतो आणि मग कितीही पुसलं तरी ती पिवळट दिसते. कोरड्या टिश्यूने घासणंही टाळा. त्यानेसुद्धा चकाकी उतरते.

रोजचं काम

रोज फार काही नाही. साबणाच्या पातळ पाण्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि सीटची वरची बाजू, झाकण, खटका किंवा बटणं पुसून घ्या. मग साध्या पाण्यातल्या फडक्याने साबण काढा आणि शेवटी कोरडं करा. शेवटचं कोरडं पुसणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण थेंब जागीच वाळला की त्यातला क्षार तिथेच राहतो.

सीटची खालची बाजू मात्र विसरू नका. रोज पुसून वरून चकचकीत असलेली सीट उचलून पाहिली तर खाली, पुढच्या कडेला आणि छोट्या रबरी पायांभोवती डाग असतात. दोन-तीन दिवसांतून एकदा तिथे फडकं फिरवलं तरी पुरतं. घरात कोणाला जुलाब-उलट्यांचा त्रास असेल तेव्हा मात्र खालची बाजू आणि बटणं रोज, साबणाने दोनदा पुसा.

झाकण आणि सीट हळू मिटणारी असेल तर हाताने दाबून बंद करू नका. बिजागरीत दाब घेणारी यंत्रणा असते. घाईने ढकलत राहिलं की ती मरते आणि मग झाकण धाडकन आदळायला लागतं.

बादली, जेट स्प्रे आणि मावशी

आपल्याकडे संडास धुणं म्हणजे पाणी ओतणं. बिडे सीटला, त्यातही विजेवरच्या सीटला, हे चालत नाही. उडालेले शिंतोडे ती सहन करते. पण वरून मग्गा ओतला की पाणी बटणांच्या फटींत, बिजागरीत आणि वायर आत शिरते त्या जागी जातं. लगेच काही होत नाही, म्हणून कळतही नाही. काही महिन्यांनी बटणं आपोआप चालू व्हायला लागतात किंवा सीट मध्येच बंद पडते.

संडास दुसरं कोणी धुत असेल तर नुसतं "सांभाळून हं" म्हणून भागत नाही. मावशींना एकदा सोबत उभं राहून दाखवा: फरशी धुताना झाकण बंद, पाणी गुडघ्याच्या खाली, सीटला फक्त पिळलेलं फडकं. आणि प्लग कुठे आहे तेही दाखवा. विजेचं काय आहे हे माहीत असणं त्यांच्याही सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या त्याच असतात.

आठवड्याचं काम: नोझल

नोझलबद्दल नव्या लोकांच्या मनात सगळ्यात जास्त शंका असते, आणि ती रास्तही आहे. बहुतेक सीटमध्ये नोझल वापराआधी आणि नंतर स्वतःवरच पाणी सोडून धुऊन घेतं. वापर नसताना ते आत, एका छोट्या झडपेमागे असतं. पण या धुण्याने क्षार निघत नाहीत, आणि झडपेच्या कडेला चिकटलेलंही निघत नाही. ते हातानेच करायचं.

विजेवरच्या सीटला नोझल साफ करण्याचं वेगळं बटण असतं. ते दाबलं की नोझल बाहेर येऊन थांबतं आणि जोराची धार सुटत नाही. साध्या सीटमध्ये अँगल कॉक बंद करा आणि नोझल बोटांनी अलगद खाली ओढा. आपोआप येईल तेवढंच ओढायचं, जबरदस्ती नको.

आता जरा वाकून, मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा. नोझलच्या टोकाला सुईच्या अग्राएवढी छिद्रं दिसतील. नव्या सीटमध्ये त्यांच्या कडा स्वच्छ असतात. बोअरच्या पाण्यावर काही आठवडे गेले की प्रत्येक छिद्राभोवती पांढरं कडं धरायला लागतं, भोवती खरखरीत पापुद्रा येतो, आणि एखादं छिद्र अर्धं बुजलेलं दिसतं. धार तिरकी जायला लागते ती यामुळेच. टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून टोकापासून मागे, मग छिद्रांवर गोल फिरवून हलक्या हाताने घासा. झडपेची आतली बाजू आणि नोझल जिथून बाहेर येतं ती कड विसरू नका. मळ सगळ्यात जास्त तिथेच साचलेला असतो.

छिद्रात सुई, टाचणी किंवा दात कोरायची काडी घालू नका. छिद्र जरासं जरी रुंद झालं तरी धारेची दिशा आणि जोर कायमचा बदलतो. झाल्यावर बटण पुन्हा दाबून नोझल आत पाठवा. हाताने ढकलून आत घालू नका.

क्षार: खरी लढाई इथे आहे

धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात. दख्खनच्या काळ्या पत्थरात खोल मारलेल्या बोअरचं पाणी बहुधा त्याहून बरंच जड असतं, आणि उन्हाळ्यात टँकरमधून येतं ते पुष्कळदा हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. तुमच्या सोसायटीने पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर तो अहवाल मागून बघा. आकडा २०० च्या आत असेल तर पुढचं काम दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरेल. ४०० च्या वर असेल तर दर महिन्याला करा.

विजेवरच्या सीटमध्ये हा त्रास जास्त का होतो, त्याचं कारण सरळ आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो. गीझरच्या कॉइलवर चढतो तो थर हाच. म्हणून पाणी जड असेल तर तापमान सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवू नका. उन्हाळ्यात तर हीटर बंदच ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेव्हा तसंही कोमट असतं.

आता कृती. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवा. नोझलचं टोक सुटं निघत असेल (पुष्कळ मॉडेलमध्ये निघतं, पुस्तिकेत चित्र असतं) तर ते काढून वाटीत १५-२० मिनिटं बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे यायला लागतील. तो क्षार विरघळतोय. टोक निघत नसेल तर नोझल बाहेर काढून टूथब्रशने हे पाणी पुन्हा पुन्हा लावत राहा. नोझल काही मिनिटांनी आपोआप आत जातं, तेव्हा बटण दाबून परत बाहेर काढा. शेवटी साध्या पाण्याने धुवा आणि नोझलमधून थोडा वेळ पाणी वाहू द्या.

खाली काय फरशी आहे तेही बघा. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड आहेत. लिंबूसत्वाचा थेंब पडला तरी पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. खाली जुना टॉवेल अंथरा. सिरॅमिक टाइल असेल तर चिंता नाही.

पाण्यात लोह असेल तर पांढऱ्याऐवजी तांबूस डाग येतात. त्यांनाही हेच पाणी लागू पडतं, फक्त जास्त वेळ लागतो.

हे सगळं बाहेरच्या भागांसाठी झालं. सीटच्या आतल्या टाकीत किंवा पाईपमध्ये लिंबूसत्व, व्हिनेगर किंवा गीझरचं डीस्केलर स्वतःहून सोडू नका. आतल्या झडपा, रबर आणि सेन्सर कशाचे आहेत ते आपल्याला दिसत नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत तशी कृती दिली असेल तरच करा.

जाळी

टँकर आला, इमारतीची टाकी साफ झाली किंवा पाईपलाईनचं काम झालं, की त्यानंतर जाळी बघायचीच. एरवी तीन महिन्यांतून एकदा.

विजेवरची सीट असेल तर आधी प्लग काढा आणि आत टाकी असलेल्या मॉडेलमध्ये पाणी निवेपर्यंत थांबा. अँगल कॉक बंद करा. जाळी जिथे आहे त्याखाली मग्गा धरा, कारण आतलं उरलेलं पाणी बाहेर येणार आहे. टोपी हाताने किंवा नाण्याने हळूच फिरवून काढा. जाळीसोबत येणारी काळी रबरी रिंग वाटीत टाका. ती फरशीवर पडली आणि मोरीत गेली तर त्याच मापाची मिळवायला हेलपाटे पडतात. जाळी वाहत्या पाण्याखाली उलट बाजूने धुवा, टूथब्रशने घासा आणि उजेडासमोर धरून सगळे डोळे मोकळे झालेत का बघा. बारीक वाळू आणि लालसर गाळ निघेल. परत लावताना रिंग नीट बसली आहे ना ते पाहा. टोपी हाताने घट्ट, पुढे पाना लावायचा नाही. कॉक हळूहळू सोडा आणि सांध्याखाली कोरडा टिश्यू पाच मिनिटं ठेवा. ओला झाला नाही तर काम झालं.

महिन्यातून एकदा सीट काढा

संडासात वास येतो आणि कुठून ते कळत नाही, तेव्हा तो बहुतेक वेळा सीट आणि कमोड यांच्या मधल्या फटीतून येत असतो. वरून कितीही पुसलं तरी तिथे हात पोचत नाही.

प्लग काढा, बाजूचं बटण दाबा आणि सीट दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढा. पाईप आणि वायर जोडलेलीच असतात, म्हणून वीतभरच सरकवा आणि कमोडवर टॉवेल घालून त्यावर टेकवा. पाईपला ताण बसू देऊ नका. आता बोल्टने बसवलेली पट्टी उघडी दिसेल. तिच्याभोवतीचा पिवळा थर साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने काढा, बोल्ट सैल झालेत का तपासा, आणि सगळं कोरडं झाल्यावरच सीट मागे ढकला. 'टक' असा आवाज आला पाहिजे. मग सीट डावी-उजवीकडे हलवून बघा. आवाज आला नसेल आणि म्हाताऱ्या माणसाने वजन टाकलं तर सीट सरकते. हे तपासल्याशिवाय कोणालाही बसू देऊ नका.

वास शोषणारा फिल्टर असेल तर तोही याच वेळी बाहेर ओढून त्यावरची धूळ ब्रशने झटका.

कमोडचं भांडं घासताना

बाजारातल्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. भांड्याच्या चिनी मातीला त्याचं काही वाटत नाही. पण त्याच्या वाफा वर जातात, आणि झाकण बंद असेल तर त्या सीटच्या आतच कोंडतात. धातूचे भाग गंजतात, प्लास्टिकचा रंग जातो. रात्री क्लीनर ओतून, झाकण लावून सकाळी फ्लश करायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. शक्यतो ॲसिड नसलेला सौम्य क्लीनर आणि ब्रश वापरा. ॲसिडवालाच वापरायचा झाला तर सीट आणि झाकण उभं ठेवा, दोन-तीन मिनिटांत घासून फ्लश करा, कडेला उडालेले थेंब ओल्या फडक्याने लगेच टिपा, आणि वास जाईपर्यंत झाकण लावू नका. सुट्या बाटल्यांतून मिळणारं फरशीचं ॲसिड तर या संडासात आणूच नका.

ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकामागोमागही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि छोट्या बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

वीज

सॉकेट तीन पिनांचं आणि खरं अर्थिंग असलेलं हवं, आणि त्या लाईनवर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवं. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत सीटचा प्लग काढून ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड संडासात चालणार नाही. पाणी तिथल्या तिथे झटकन तापवणाऱ्या सीट हजार वॅटच्या वर ओढतात, त्या घरच्या इन्व्हर्टरवर टाकू नका.

घरात मधुमेहामुळे पायांची किंवा त्वचेची जाणीव कमी झालेलं कोणी असेल तर सीटची ऊब सगळ्यात खालच्या पायरीवर किंवा बंद ठेवा. कमी गरम पृष्ठभागावरही बराच वेळ बसलं तर त्वचा भाजते, आणि त्या माणसाला ते कळत नाही.

धार मंद झाली तर

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी या क्रमाने बघा. अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का? जाळी तुंबली आहे का? नोझलच्या छिद्रांवर कडं धरलंय का? बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

नवी सीट पहिल्या दिवसापासूनच मंद असेल तर कारण वेगळं आहे. १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाने साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. पुष्कळ सीटना त्याच्या निम्मा तरी दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी सीटच्या वर पाचेक मीटर हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असते. तिथे सीटला दोष देऊन उपयोग नाही, छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो.

पाणी गळत असेल तर कोरडा टिश्यू एकेका सांध्याला लावत वरून खाली या. पहिला ओला होणारा सांधा गुन्हेगार. नटच्या आत रबरी वॉशर असेल तर तो बदला, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. टेप लागते ती वॉशर नसलेल्या आट्यांना. सीटच्या अंगातूनच पाणी येत असेल तर मात्र कॉक बंद करा, प्लग काढा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. सीट स्वतः उघडू नका.

घर बंद ठेवून गावाला जाताना

आठ-पंधरा दिवसांहून जास्त जाणार असाल तर अँगल कॉक बंद करा, प्लग काढा, आतल्या टाकीचं पाणी निचऱ्याच्या झडपेतून सोडून द्या, रिमोटमधले सेल काढा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. साचलेलं पाणी महिनाभर तसंच राहिलं की त्याला वास येतो आणि आत बुळबुळीत थर धरतो.

परत आल्यावर आधी कॉक हळू सोडा. हवा खडखडत बाहेर पडेल, ते ठीक आहे. टाकी भरेपर्यंत हीटर चालू करू नका, तो कोरडा तापता कामा नये. मग जाळी धुवा, नोझलमधून दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, आणि कोणीही बसण्याआधी धारेखाली हात धरून पाण्याची ऊब बघा.